पाठवणाऱ्याचं नाव

विद्यार्थ्यांनो आणि मागे पडद्याआड नऊवारी नेसून ताटकळलेल्या मुलींनो,

मी तारमास्तर होतो. म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, कारण १५ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली. तुमच्यातल्या बहुतेकांनी तार पाहिली असेल ती फक्त कुंपणाची.

तारवाला दारात दिसला की पाकीट फोडायच्या आधीच घरात रडारड व्हायची आणि आतून निघायचं, 'मुलगा झाला'. शब्दाला पैसे पडत. खिडकीशी उभा राहून माणूस विचारायचा, "मास्तर, 'ताबडतोब' खोडला तर चालेल ना?" सणावारांच्या शुभेच्छांना ठरलेले क्रमांक होते. क्रमांक चुकला की लग्नघरात दिवाळीच्या शुभेच्छा! तुमच्या मावशीच्या 'सुप्रभात'चे पूर्वज आम्हीच.

तारेच्या फॉर्मच्या तळाशी एक रकाना असायचा, पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. तो मजकूर तारेतून जात नसे, त्याचे पैसेही पडत नसत. नुसता आमच्या दप्तरी राही. तो कोरा असला की मी फॉर्म परत करी. लोक चिडत, म्हणत, "मी इथं समोर उभा आहे की!" तरी मी लिहून घेई.

आता २०१८ च्या जूनकडे येतो. तुम्ही तेव्हा आठ-दहा वर्षांचे असाल. महिनाभर आयांनी तुम्हाला अंगणात खेळू दिलं नाही, आठवतं? मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप फिरत होते. त्या दिवसांत देशभर एक चित्रफीतही फिरली. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि गल्लीतलं पोर उचलून नेतात. ती कराचीत मुलांच्या सुरक्षेच्या प्रचारासाठी मुद्दाम केलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. माझ्या भाषेत सांगायचं तर, फॉर्मचा तळ फाडला होता.

१ जुलैला, रविवारी, आपल्याच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. जमावाला त्यांच्यात ती टोळी दिसली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं. बाजारातल्या लोकांनी त्याचंही चित्रण केलं आणि पुढे पाठवलं.

मला इथं बोलावलंत म्हणून सांगतो. त्या जूनमध्ये तसलाच एक निरोप मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता. नातवंडांची काळजी, दुसरं काय! दिल्लीला शिकणाऱ्या पुतणीनं विचारलं, "काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?" मी म्हटलं, शेजाऱ्यानं. "त्यांना?" तारखात्यात आयुष्य गेलेला माणूस मी, पण उत्तर नव्हतं. तिनं आणखी काही म्हटलं नाही. मी तो निरोप पुसायला गेलो, तर तोवर तिघांनी तो पुढे धाडलेला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. 'फॉरवर्डेड' ही खूणही तेव्हाच आली. मर्यादा ठीक आहे. त्या खुणेबद्दल मात्र माझं मत बरं नाही. लिहिणारा कोण हे ती सांगत नाही. 'लिहिणारा मी नव्हे' एवढंच सांगते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. पाठवणारे तर आपणच असतो ना! बोट आपलं, ज्याला पाठवलं तो माणूस आपल्या ओळखीचा आणि तो विश्वास ठेवतो तोही आपल्या नावावर.

राईनपाड्याची ती माणसं मारली गेली त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावानं पाच जणांना घेरलं. त्यांत दोन वर्षांचं एक मूल होतं. तिथल्या एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत आत ठेवलं. बाहेर जमलेल्यांच्या फोनमध्येही तसलेच निरोप असणार, त्याच्याही असतील. त्यानं दार उघडलं तेव्हा, ही माणसं कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मुली केव्हाच्या खोळंबल्यात. बक्षिसांची यादी कुणाकडे आहे? पहिलं नाव तेवढं मोठ्यानं वाचा, मला हल्ली कमी ऐकू येतं.