दाखला कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आहार, आरोग्य किंवा मुलांवरील संस्कार यांपैकी एखादा विषय ठरलेला असतो. मी चिटणीसबाईंना कळविले की अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळणाऱ्या मुलामुलींनी कॉलेज बदलण्यासंबंधी जे नियम होते, त्यांविषयी बोलेन. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, आपल्या बायकांना त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर शाळेत खेळाच्या तासाला शिट्टी वाजवीत आले, तेव्हा मला खेळाचे वेड आहे हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण असे की, हा प्रश्न नुसता खेळाचा नाही. "तुमच्या हितासाठीच हा नियम आहे," असे सांगून जे नियम केले जातात, ते खरोखर कोणाच्या हिताचे असतात, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

आधी तिकडची रीत समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजातले खेळ म्हणजे आपल्याकडील स्नेहसंमेलनाच्या आगेमागे होणारे सामने नव्हेत. फुटबॉल व बास्केटबॉलचे सामने पाहायला हजारो माणसे तिकिटे काढून येतात आणि दूरचित्रवाणीच्या कंपन्या त्यासाठी अफाट पैसा मोजतात. चांगला खेळ असलेल्या मुलाला किंवा मुलीला कॉलेज शिष्यवृत्ती देते. तीत शिकवणीची फी, राहणे, जेवण सारे येते. या सर्व खेळांवर देखरेख करणारी मोठी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन. तिचा उगम १९०६ सालचा. तिकडे तिला आद्याक्षरांनी एन.सी.ए.ए. म्हणतात. आपण नुसते 'संघटना' म्हणू.

आता नियम. आपल्याकडे मुलाला शाळा बदलायची झाली की शाळा सोडल्याचा दाखला लागतो. हेडमास्तरांनी दाखला अडवून ठेवला तर आईबापांची काय तारांबळ उडते, ते आपण जाणतो. तिकडे साध्या विद्यार्थ्याला अशी अडचण नाही. त्याने कॉलेज बदलावे आणि दुसरीकडे नाव घालावे. पण खेळाडू विद्यार्थ्याला मात्र दोन कुलपे होती. पहिले कुलूप असे की, जुन्या कॉलेजाने परवानगी दिल्याखेरीज दुसऱ्या कॉलेजाच्या प्रशिक्षकाने त्याच्याशी बोलायचेसुद्धा नाही, आणि परवानगीवाचून तो गेलाच तर नव्या ठिकाणी वर्षभर खेळाची शिष्यवृत्ती मिळायची नाही. जुने कॉलेज परवानगी देतानाही अमुक कॉलेजे वगळून, अशी अट घालू शके. दुसरे कुलूप असे की, परवानगी मिळाली तरी फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल अशा मोठ्या खेळांत नव्या कॉलेजात एक वर्ष सामने न खेळता बसून राहायचे. सराव करावा, अभ्यास करावा, सामन्याच्या दिवशी मात्र बाकावर. मुलींच्या बास्केटबॉललाही हा नियम लागू होता.

कोणी म्हणेल, मुलांनी एकदा निवडलेले कॉलेज बदलावेच कशाला? भगिनींनो, सतरा-अठरा वर्षांचे वय ते. एलेना डेल डॉन नावाच्या मुलीचे उदाहरण घ्या. २००८ साली ती शालेय बास्केटबॉलमधील देशातील नामवंत खेळाडू होती. कनेक्टिकट विद्यापीठाने, म्हणजे मुलींच्या बास्केटबॉलच्या पंढरीनेच, तिला बोलावले होते. ती गेली आणि थोड्याच दिवसांत घरी परतली. तिची मोठी बहीण जन्मापासून अंध आणि बधिर. तिच्याशी ना फोनवर बोलता येते, ना पत्राने. तिच्यापाशी बसून हातात हात घेणे हीच दोघींची भाषा. ती भाषा दुरून बोलता येत नाही. एलेना घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात दाखल झाली, पहिल्या वर्षी व्हॉलीबॉल खेळली, पुढे बास्केटबॉलकडे वळली आणि व्यावसायिक खेळात दोनदा, २०१५ व २०१९ साली, सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिला कनेक्टिकटने अडविले नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे. पण सगळेच तसे नसतात.

नियमाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. संघटनेचे म्हणणे असे की, नव्या जागी अभ्यासात रुळायला मुलांना एक वर्ष मिळावे. शिवाय मोकळीक दिली तर श्रीमंत कॉलेजे लहान कॉलेजांचे चांगले खेळाडू पळवतील. एखाद्या लहान कॉलेजातल्या प्रशिक्षकाने दोन वर्षे मेहनत घेऊन मुलगी तयार करावी आणि मोठ्याने ती आयती उचलावी, हे काही बरे नाही. ही भीती खोटी नव्हती.

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहा. प्रशिक्षकाला असा नियम होता का? मुळीच नाही. मुले त्याच्याकडे पाहून कॉलेजात यावीत आणि त्याने जास्त पगार पाहून दुसरीकडे निघून जावे, हे नित्याचेच. त्याला वर्षभर बाकावर कोणी बसविले नाही. आणि कॉलेजावर बंधन किती? १९७३ साली संघटनेने शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली. वर्ष संपले की ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे कॉलेज ठरवी. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळाली ती चार दशकांनी. म्हणजे कॉलेज एका वर्षापुरते बांधलेले, प्रशिक्षक मोकळा आणि अठरा वर्षांची पोर मात्र चार वर्षे बांधलेली!

२०१४ साली कॅन्सास स्टेट विद्यापीठात जे घडले, त्यात हे सारे उघडे पडले. लेटिशिया रोमेरो ही स्पेनच्या कॅनरी बेटांवरून आलेली मुलगी पहिल्याच वर्षी संघाचा आधार बनली. त्या मार्चमध्ये विद्यापीठाने तिच्या प्रशिक्षिकेला काढले. जिच्या भरवशावर मुलगी समुद्र ओलांडून आली, तीच गेली. लेटिशियाने दुसरीकडे जाण्याची परवानगी मागितली. विद्यापीठाने नाही म्हटले. तिने विद्यापीठाच्याच समितीकडे दाद मागितली, तिथेही नकार. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा कोठे उन्हाळ्यात परवानगी मिळाली, आणि ती फ्लोरिडा स्टेटमध्ये गेली. परक्या मुलखात, परक्या भाषेत, आईबाप दूर असताना त्या मुलीने ते महिने कसे काढले असतील, याची कल्पना इथे बसलेल्या प्रत्येक आईला येईल.

आता एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती बायकांच्या कर्तृत्वाची आहे. १९७१ साली अमेरिकेतील महिला क्रीडाशिक्षिकांनी कॉलेजातील मुलींच्या खेळांसाठी स्वतःची संस्था काढली. पुढच्याच वर्षी शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये असा कायदा तिकडे झाला आणि मुलींच्या खेळांना भराभर बहर आला. या संस्थेच्या नियमपुस्तकात कॉलेज बदलून आलेल्या मुलीला वर्षभर बसवून ठेवण्याची शिक्षा नव्हती. खेळणारी मुलगी ही आधी विद्यार्थिनी आहे आणि इतर विद्यार्थिनींना जी मोकळीक तीच तिलाही, असे त्या बायका मानीत.

मात्र त्याच बायकांनी सुरुवातीला दुसरा एक नियम केला होता. मुलींनी खेळाची शिष्यवृत्ती घ्यायचीच नाही. हेतू चांगला होता. पुरुषांच्या खेळात पैशाने जो बाजार मांडला, तो मुलींच्या वाट्याला येऊ नये. पण मुलांना मिळते ते आम्हाला का नको, असे म्हणून फ्लोरिडातील टेनिस खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या शिक्षिका १९७३ साली न्यायालयात गेल्या, आणि संस्थेला तो नियम सोडावा लागला. पुढे मोठ्या संघटनेने मुलींच्या स्पर्धा आपल्याकडे घेतल्या आणि १९८२ साली बायकांची ती संस्था बंद पडली. मुली मग पुरुषांच्या नियमांखाली आल्या. यातून मी एवढेच घेते की नियम पुरुषांनी केला की बायकांनी, हा प्रश्न दुय्यम. ज्यांच्यासाठी केला त्यांना विचारले होते का, हा खरा प्रश्न.

कुलपे कशी उघडली ते थोडक्यात सांगते. २०१८ च्या ऑक्टोबरपासून पहिले कुलूप निघाले. विद्यार्थ्याने आपला मानस कॉलेजाला कळवायचा आणि कॉलेजाने दोन दिवसांत त्याचे नाव एका सामाईक यादीत घालायचे. मग कोणीही त्याच्याशी बोलावे. परवानगी मागण्याच्या जागी नुसते कळविणे आले. शब्द लहान, पण फरक केवढा! २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्व खेळांतील मुलांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. मेरीलँड विद्यापीठातून २०२२ साली लुइझियाना स्टेटमध्ये गेलेली एंजल रीस लगेच खेळली, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये तिच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. जुना नियम असता तर ते वर्ष तिने बाकावर काढले असते.

दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांची अडवणूक चालूच होती. रेक्वान बॅटल हा मूळ अमेरिकन जमातीतील मुलगा. त्याचे प्रशिक्षक दुसरीकडे गेले म्हणून तो वेस्ट व्हर्जिनियात आला, तर संघटनेने त्याला खेळू देण्यास नकार दिला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सात राज्यांनी मिळून दावा लावला, न्यायाधीशांनी नियमाला तात्पुरती मनाई केली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये संघटनेने स्वतःच ठरविले की अभ्यासाच्या अटी पुऱ्या करणाऱ्याने कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळावे.

मग सारे गोड झाले का? तसे नाही. आता दर वर्षी हजारो मुले त्या यादीत नावे घालतात, आणि सगळ्यांनाच नवी जागा मिळत नाही. नाव घातले की जुने कॉलेज चालू सत्रानंतर शिष्यवृत्ती बंद करू शकते. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसा मिळविण्याची मोकळीक झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने कॉलेजेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे पैशासाठी कॉलेजे बदलणे वाढले. यात नुकसान कशाचे होते? पदवीचे. पहिल्या कॉलेजातले विषय दुसरे कॉलेज सगळेच धरते असे नाही. आणि नियम असा की दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० टक्के आणि चौथ्याअखेर ८० टक्के अभ्यास पुरा झालेला हवा. तीन कॉलेजे फिरलेल्या मुलाचा हिशेब जुळता जुळत नाही. कुलूप निघाले म्हणून वाट चुकायची थांबत नाही.

आता चिटणीसबाईंच्या प्रश्नाकडे येते. आपली मुलेही तिकडे खेळत आली आहेत. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून खेळून २००७ व २००८ अशी दोन वर्षे एकेरीचा विजेता ठरला. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. उद्या या सभागृहातल्या एखादीच्या मुलीला किंवा नातीला असे बोलावणे आले, तर आनंदाच्या भरात कागदावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. शिष्यवृत्ती किती वर्षांची? दुखापत झाली तर ती राहील का? प्रशिक्षक निघून गेले तर मुलीचे काय? आणि कॉलेज बदलले तर शिकलेले विषय धरले जातील का? परदेशी विद्यार्थिनीला आणखी एक व्यवधान सांभाळावे लागते. व्हिसाचा कागद त्या त्या कॉलेजाचा असतो. बदलताना तोही रीतसर बदलून घ्यावा लागतो, आणि जाहिरातीचा पैसा घेण्याआधी व्हिसाचे नियम नीट विचारावे लागतात.

आणि हे सगळे तिकडचेच आहे असेही नाही. क्रिकेटपटूला एका राज्याचा संघ सोडून दुसऱ्याकडे जायचे तर ना हरकत दाखला लागतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी तो मागितला आणि मे महिन्यात आपला अर्ज मागे घेतला, हे आपण वाचले. तो नामांकित, त्याच्या अर्जाची बातमी होते. तालुक्याच्या गावी खोखो खेळणाऱ्या मुलीचा अर्ज टेबलाच्या खणात पडला, तर त्याची बातमी कोण देणार?

म्हणून माझे मागणे एवढेच. घरात, शाळेत किंवा आपल्या मंडळातही आपण कोणाच्या भल्यासाठी नियम करू, तेव्हा ज्यांच्यासाठी करतो त्यांना आधी समोर बसवून विचारावे. आणि तोच नियम आपल्याला लावला तर आपण पाळू का, हे स्वतःलाही विचारावे. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांना हा दुसरा प्रश्न वेळीच कोणी विचारला असता, तर मुलांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

चहा निवत चालला आहे, आणि मुलींचा लंगडीचा सामना अजून व्हायचा आहे.  मंडळाला दीर्घायुष्य लाभो.