संगणकाची जुळणी : मर्यादित खर्चातील अग्रक्रम

मर्यादित रकमेत सुट्या भागांतून संगणक जुळवताना बहुतेक ग्राहक प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डापासून विचार सुरू करतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भाग बसवतात. हा क्रम चुकीचा आहे, कारण संगणकाचे सर्व भाग सारख्या सहजतेने बदलता येत नाहीत. रॅमची दुसरी पट्टी, जादा साठवण किंवा ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनीही बसवता येते; मदरबोर्ड बदलायचा झाला तर मात्र त्यासोबत अनेकदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते, आणि वीजपुरवठ्याचा भाग निकृष्ट असला तर तो स्वतःबरोबर इतर भागांनाही निकामी करू शकतो. म्हणून जे नंतर वाढवता येते त्यात आज काटकसर करावी आणि जे बदलणे महाग किंवा धोक्याचे आहे त्यावर आधी खर्च करावा, असा अग्रक्रम प्रस्तुत व्याख्यानात मांडला आहे.

अशी निवड शक्य होते याचे मूळ १९८१ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकात आहे. कंपनीने त्याचे बहुतेक भाग इतर उत्पादकांकडून घेतले, जोडकार्डांसाठी खाचा मोकळ्या ठेवल्या आणि रचनेचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यामुळे त्या रचनेशी जुळणारे भाग बनवणारा एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले आणि मदरबोर्डाचा आकार, त्यावरील स्क्रूच्या छिद्रांच्या जागा व वीजजोडणीचे स्वरूप ठरवून दिले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. भडकमकर मार्ग अनेक मुंबईकरांच्या तोंडी आजही लॅमिंग्टन रोड म्हणूनच आहे. तेथील सुट्या भागांच्या दुकानांतून घेतलेला एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये विनासायास बसतो, तो याच मानकामुळे.

खरेदीपूर्वी कामाचे स्वरूप ठरवणे आवश्यक आहे, आणि येथे ग्राहकाने स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते. हिशेब, पत्रव्यवहार, ऑनलाइन वर्ग, युनिकोड मराठीतील अक्षरजुळणी आणि प्रोग्रॅमिंगचा अभ्यास यांपैकी कोणत्याही कामाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन आणि नवे खेळ यांना ती असते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो, कारण दोघांना जोडणारा दुवा सॉकेट, म्हणजे बोर्डावरील प्रोसेसरची बैठक, हा आहे. एएमडीच्या एएम४ या सॉकेटवर २०१७ मधील पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले, आणि अनेक जुन्या बोर्डांच्या मालकांना केवळ बायोस, म्हणजे बोर्डाची मूलभूत आज्ञावली, अद्ययावत करून नवा प्रोसेसर बसवता आला. सॉकेटच्या दीर्घायुष्याचा असा लाभ सामान्य ग्राहकाला क्वचितच मिळतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर केवळ डीडीआर५ प्रकारची रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात व बोर्डाच्या प्रकारानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते. या दोन प्रकारांच्या पट्ट्यांवरील खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जो ग्राहक एकदा खर्च करून पाच-सहा वर्षे संगणकाला हात लावणार नाही, त्याच्यासाठी एएम४ किंवा डीडीआर४ चालणारा एलजीए १७०० बोर्ड पुरेसा असतो. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर वाढवण्याचा ज्याचा खरोखर बेत आहे, त्याने एएम५ चा वाढीव खर्च सोसणे योग्य ठरते.

प्रोसेसरच्या नावातील शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष होऊ नये. रायझन ५ ५६००जी या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये चित्रनिर्मितीची सोय अंतर्भूत आहे, तर रायझन ५ ५६०० मध्ये ती नाही. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर तेथेही ती नसते. काही रुपये वाचतात म्हणून असा प्रोसेसर घेतल्यास ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि ते कार्ड पुढे कधी बिघडले तर संगणक ठप्प होतो. कमी खर्चाच्या जुळणीत अंतर्भूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसरच घ्यावा, हे येथे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे.

रॅमच्या बाबतीत क्षमतेइतकेच महत्त्व पट्ट्यांच्या संख्येला आहे. डीडीआर४-३२०० प्रकारची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गीगाबाइट माहिती पोहोचवू शकते, तर दोन पट्ट्या दोन स्वतंत्र मार्गांवर बसवल्यास ही मर्यादा ५१.२ गीगाबाइट होते. अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते मुख्य रॅमच वापरते. त्यामुळे सोळा गीगाबाइटची एक पट्टी आणि आठ गीगाबाइटच्या दोन पट्ट्या यांच्या किमतीत फारसा फरक नसला तरी कामगिरीत तो स्पष्ट जाणवतो. दुकानातील तयार जुळणीत अनेकदा एकच पट्टी असते आणि ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते. मात्र बोर्डावर दोनच खाचा असतील तर त्या पहिल्याच दिवशी भरतात, म्हणून पुढे रॅम वाढवायची असल्यास चार खाचांचा बोर्ड पाहावा. याखेरीज पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळेलच असे नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही मांडणी सुरू करावी लागते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर चढले, तेव्हा जुने दरपत्रक धरून अंदाजपत्रक आखू नये.

साठवणीचा प्रश्न सोपा आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला माहितीचा तुकडा शोधण्यास सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो; म्हणून कार्यप्रणाली एसएसडीवरच असावी. एनव्हीएमई प्रकार साटा प्रकाराहून कित्येक पट वेगवान असला तरी दैनंदिन कामात तो फरक थोडाच जाणवतो.

सर्वाधिक उपेक्षा एसएमपीएसची, म्हणजे घरातील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एकदिश विजेत रूपांतर करणाऱ्या भागाची, होते. स्वस्त कॅबिनेटसोबत तो जणू फुकट मिळतो आणि त्यावर ‘४५० वॉट’ असे ठळक छापलेले असते. परंतु आधुनिक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या मार्गावरून घेतात, आणि लेबलवर त्या मार्गासमोर १६ अँपिअर लिहिले असेल तर प्रत्यक्षात १९२ वॉटच उपलब्ध असतात. रेडिऑन आरएक्स ६६०० हे तुलनेने मितव्ययी कार्ड एकटेच १३२ वॉटपर्यंत वीज घेते, यावरून हा फरक किती गंभीर आहे ते कळते. ८० प्लस या प्रमाणपत्राच्या ब्राँझ श्रेणीत निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. मात्र ते प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, सुरक्षेचे नव्हे, म्हणून अतिदाब, अतिप्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख व दीर्घ वॉरंटी स्वतंत्रपणे पाहावी. विजेचा दाब जेथे सतत वरखाली होतो आणि अर्थिंग बेभरवशाचे असते, अशा गावांत व जुन्या इमारतींत या भागावर केलेली बचत संपूर्ण संगणकाच्या जिवावर बेतते. ग्राफिक्स कार्ड आज घ्यायचे नसले तरी ते पुढे झेपेल असा नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस सुरुवातीलाच घेणे हा या जुळणीतील सर्वांत शहाणपणाचा खर्च होय. कॅबिनेटबद्दल हवा खेळती असावी, एवढे पुरे.

जुन्या भागांच्या बाजाराबाबत दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवर होणारी निर्मिती थांबली आणि महिनोन्‌महिने अहोरात्र चाललेली असंख्य कार्डे विक्रीस आली. अशा कार्डांचे पंखे आणि स्मृती तपासल्याशिवाय ती घेऊ नयेत. दुसरे असे की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित समर्थन संपले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर अपेक्षित आहे. कार्यालयांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक त्यामुळेच स्वस्त दिसतात. लिनक्स वापरणाऱ्याला ते उत्तम उपयोगी पडतात, इतरांना नाही.

जुळवलेल्या संगणकाला एकत्रित वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची मुदत वेगळी असते. खोक्यासह मिळणाऱ्या प्रोसेसरला सामान्यतः तीन वर्षांची वॉरंटी मिळते, तर ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर अनेकदा केवळ विक्रेत्याच्या भरवशावर असतो. विनाबिल व्यवहारात जीएसटीचे १८ टक्के वाचल्याचे समाधान मिळते, पण एखादा भाग बिघडला की खरेदीचा पुरावाच उरत नाही. म्हणून प्रत्येक भागाचे नेमके मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले बिल हाती घेऊन, ते खोक्यांवरील क्रमांकांशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राहकाने दुकान सोडू नये.