जखमेआधीची गुणपत्रिका

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराने जखमी जवानांना हेलिकॉप्टरने तडक इस्पितळात पोहोचवलं. त्यामुळे आधीच्या युद्धांत जे रणांगणावरच दगावले असते, असे कितीतरी तरुण मेंदूत छर्रा घुसूनही वाचले. विल्यम कॅव्हनेस या मेंदूतज्ज्ञांनी १९६७ ते १९७० या काळातल्या अशा सुमारे दोन हजार जखमींची नोंद करून ठेवली. पुढे त्यांतल्या शेकडो जणांना पुन्हा बोलावून दिवसचे दिवस तपासलं गेलं, आधी १९८०च्या दशकात आणि मग २००३नंतर, पांढऱ्या केसांचे झाल्यावर.

या अभ्यासाचं खरं भांडवल होतं एक जुना कागद. सैन्यात भरती होताना प्रत्येकाची लेखी बुद्धिचाचणी झालेली होती, म्हणजे जखमेआधीची गुणपत्रिका हाताशी होती. एरवी मोटारसायकलवरून पडलेला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा तो पूर्वी कसा होता हे घरच्यांनाच विचारावं लागतं. आणि घरचे पूर्वीचं जरा गोडच सांगतात! इथे मात्र आधीचे गुण आणि नंतरचे गुण शेजारी ठेवून पाहता आले. सारखीच जखम झालेल्या दोघांपैकी एक बराच सावरला आणि दुसरा मागे पडला, असं का? जखम कुठे आणि केवढी, हे कारण होतंच. भरतीच्या वेळचे गुण हे त्याहून मोठं कारण निघालं. तरीही थोडा फरक उरलाच, आणि तो शोधायला संशोधक जनुकांकडे वळले.

आपल्या अकराव्या गुणसूत्रावर बीडीएनएफ नावाचं जनुक आहे. त्यावरून तयार होणारं प्रथिन मज्जापेशींना जगवतं आणि त्यांच्यातले जोड पक्के करतं. या प्रथिनाच्या साखळीत सहासष्टाव्या जागी बहुतेकांमध्ये व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, तर काहींमध्ये मेथिओनिन. २००३ साली असं दिसून आलं, की मेथिओनिनवाली धडधाकट माणसं ऐकलेली गोष्ट आठवून सांगण्यात थोडी कमी पडतात. तेव्हा साहजिकच वाटलं, की मेंदूला मार बसल्यावर त्यांचे हाल जास्त होणार.

झालं उलटंच. व्हिएतनामहून परतलेल्या जखमींमध्ये बुद्धी आणि नियोजनशक्ती जास्त टिकली ती मेथिओनिनवाल्यांची. असं का व्हावं, याचे तर्क बरेच आहेत, पण मला त्यांतला एकही पुरता पटलेला नाही. एवढं मात्र खरं, की निरोगी मेंदूत जे उणं ठरतं तेच जखमी मेंदूत कामी येऊ शकतं. ‘चांगलं जनुक’, ‘वाईट जनुक’ अशी भाषा ऐकली, की म्हणूनच मी जरा सावध होतो.

दुसरं गाजलेलं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं, एपीओई. त्याचा चौथा प्रकार अंगात असेल तर म्हातारपणी अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ साली कळलं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवलं, की हा प्रकार असलेले डोक्याला मार लागलेले रुग्ण सहा महिन्यांनीही इतरांपेक्षा वाईट अवस्थेत असतात. मग दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौसैनिकांची दप्तरं उघडली गेली. तरुणपणी डोक्याला मध्यम मार लागलेल्यांत अल्झायमरचं प्रमाण सुमारे दुप्पट, तर गंभीर मार लागलेल्यांत चौपटीहून जास्त आढळलं. यात एपीओईचा हात किती, हे मात्र तिथे ठामपणे सिद्ध झालं नाही.

मग जनुकांची तपासणी करून घ्यावी का? डोक्याला मार लागला म्हणून मी तरी ती सुचवणार नाही. अहवाल काहीही आला, तरी आज त्यावरून उपचार बदलत नाहीत. त्या नौसैनिकांच्या अभ्यासात मार मध्यम की गंभीर, हे ठरवलं गेलं ते माणूस किती वेळ बेशुद्ध होता किंवा किती वेळ त्याला काही लक्षातच राहत नव्हतं, यावरून. अर्ध्या तासापासून एका दिवसापर्यंत असेल तर मध्यम, त्यापुढे गंभीर. हे टिपायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. घरात कुणी पडलं, डोकं आपटलं, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. तो कधी पडला, कधी शुद्धीवर आला आणि कधीपासून त्याला नीट आठवू लागलं, हे घड्याळात पाहून कागदावर लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि फाइलमध्ये जपून ठेवा.