डासनियंत्रणाच्या नव्या पद्धती आणि आरोग्य सेवक
(आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



डासांविरुद्धच्या लढ्यात एकच शस्त्र कायम पुरत नाही, हा आपला अनुभव आहे. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. डी.डी.टी.च्या फवारणीने १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली; परंतु १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांच्या वर गेली. डासांमध्ये औषधाला दाद न देण्याची शक्ती निर्माण होणे, हे त्याचे एक कारण होते. म्हणूनच नव्या पद्धतींचा शोध घ्यावा लागतो.

अशीच एक पद्धत डेंगीसाठी पुढे आली आहे. वोलबाकिया नावाचा जीवाणू अनेक कीटकांत निसर्गतःच आढळतो. मात्र डेंगी पसरविणाऱ्या एडीस इजिप्ती डासात तो सहसा नसतो. तो या डासात घातला, तर डेंगीचे विषाणू डासाच्या शरीरात नीट वाढत नाहीत, आणि मादीकडून अंड्यांमार्फत तो पुढील पिढीत उतरतो. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात असे डास सोडल्यावर त्या विभागांत डेंगीचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने असे डास तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

येथे आरोग्य सेवकाच्या मनात एक स्वाभाविक प्रश्न उभा राहतो. ज्याने वर्षानुवर्षे "डास मारा" असे सांगितले, त्याने आता "डास सोडू द्या" असे कोणत्या तोंडाने सांगावे? हा प्रश्न विरोधाचा नव्हे, जाणतेपणाचा आहे. वरिष्ठांनी तो ऐकून घेतला पाहिजे. सोडलेले डासही चावतात काय, तेथे धूरफवारणी करावी काय, गावाची संमती कोणी घ्यावयाची, याची उत्तरे सेवकाला आधी मिळाली पाहिजेत. कारण गावकरी प्रथम त्यालाच विचारतात.

उत्तरे न मिळाल्यास काय होते, हे सोनीपतने दाखविले आहे. तेथे वंध्य नर डास सोडण्याचा प्रयोग व्हावयाचा होता. नर डास चावत नाही. तरीही या संशोधनामागे जैविक युद्धाचा हेतू असल्याचा संशय वृत्तपत्रांतून व्यक्त झाला आणि १९७५ मध्ये प्रयोग सोडून द्यावा लागला. शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध होत असले, तरी त्याला मान्यता घराच्या ओसरीवरच मिळवावी लागते.

म्हणून माझी विनंती अशी की, नव्या पद्धतीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका आणि ती न समजून घेता नाकारूही नका. जे माहीत नाही ते "विचारून सांगतो" असे म्हणा, आणि खरोखरच विचारून सांगा. शिक्षकांनी हा विषय वर्गात समजावून द्यावा. आणि कोणतीही नवी पद्धत आली, तरी आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करणे आणि अंगणातील करवंट्या व जुने टायर हलविणे, हे काम आपल्या हातून सुटता कामा नये.