सरपणाचा धूर आणि पाचटाचा कोळसा
(वॉटफर्ड येथील मेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



लाकूड आणि इंधन या विषयावर परिचारिकेने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझी पात्रता एवढीच की, धुराचा परिणाम मी रुग्णांच्या छातीत ऐकला आहे.

अलिबागेकडच्या आमच्या घरी आई शुक्रवारी पहाटेपासून चुलीपुढे असे. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून सूर्यास्तापूर्वी दोन दिवसांचे रांधून होई. ओले सरपण, हाती फुंकणी आणि डोळ्यांना सतत पाणी. साठीच्या सुमारास तिला धाप लागू लागली. मी तोवर परिचर्येची पदविका घेतलेली होती. तिने कधी विडी ओढली नव्हती. तेव्हा मी वयाला आणि दमट हवेला दोष दिला. चूल माझ्या ध्यानातच आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

म्हणून डॉ. आनंद कर्वे यांच्या कार्याविषयी मला विशेष आदर आहे. जन्म १९३६ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू, इरावतीबाईंचे पुत्र. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट मिळवून ते परतले, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी संशोधन केले, आणि १९९६ पासून पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत झाड न तोडता इंधन कसे मिळेल याचा ध्यास घेतला.

ऊस तोडल्यावर शेतात पाचट उरते. ते गुरे खात नाहीत, लवकर कुजतही नाही. शेतकरी ते पेटवून देतात. कर्वे यांच्या संस्थेने ते पिंपांत दाबून भट्टीत तापवले. हवा न मिळाल्याने पाचट जळत नाही, त्याचा कोळसा होतो; आणि त्यातून निघणारा वायूच पुढे भट्टीला आच पुरवतो. कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडतात. या कामाला २००२ साली याच देशातील ॲशडेन पुरस्कार मिळाला. २००६ साली घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी दुसरा. संस्थेच्या ‘सराई’ कुकरात सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचे जेवण वाफेवर शिजते. आईच्या शुक्रवारचे सरपण मी डोळ्यांपुढे आणते, तेव्हा हा आकडा मला खरा वाटायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र परिचारिका म्हणून सांगितलीच पाहिजे. कोळशाला धूर नाही, म्हणून तो निर्धोक नव्हे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो, आणि त्याला वासही नसतो. कोकणातल्या कौलारू घरात वारा खेळे. येथे आपण खिडक्या घट्ट लावून बसतो. बार्बेक्यूची शेगडी, विझत आलेली असली तरी, घरात आणू नका.

आणि आपल्यापैकी ज्या आयाबाया, मावश्या-आत्या तिकडे चुलीपुढे वाढल्या, त्यांना धाप लागत असेल, तर येथील डॉक्टर विचारतील, सिगारेट ओढता का? त्या ‘नाही’ म्हणतील, आणि ते खरेच असेल. सोबत गेलेल्या मुला-सुनांनी चुलीपुढची वर्षे मोजून डॉक्टरांना सांगावीत.