डॉल्फिन आणि कमळ



माझें बहुतेक आयुष्य बुलढाणा जिल्ह्यांतील बीबी येथें मुलांना शिकविण्यांत गेलें. समुद्र आम्हांपासून फार दूर. लोणारचें सरोवर जवळ खरें, पण त्याच्या क्षारयुक्त पाण्यांत कमळ तगत नाहीं. त्यामुळें डॉल्फिन काय किंवा कमळ काय, आमच्या मुलांना चित्रांतलेंच. एकदां वर्गांत एका मुलानें विचारिलें, "गुरुजी, कमळाचा कंद चिखलांत गुदमरत कसा नाहीं?" मीं सांगून टाकलें, "माशाप्रमाणें तो पाण्यांतली हवा घेतो." मुलाचें समाधान झालें. उत्तर मात्र चुकीचें होतें.

निवृत्तीनंतर मालवणच्या समुद्रांत मीं प्रथम डॉल्फिन पाहिला. पाठीवर उंचवटा असलेला, करड्या रंगाचा. होडीजवळ तो वर आला, फुसकन् श्वास सोडला आणि दिसेनासा झाला. हा मासा नव्हे. पिलांना दूध पाजणारा, फुप्फुसांनीं श्वास घेणारा हा प्राणी. डोक्यावरील नासारंध्र पाण्याबाहेर काढल्यावांचून त्याला गत्यंतर नाहीं. झोपेंतही त्याचा अर्धा मेंदू जागा असतो. जाळ्यांत अडकून वर येतां आलें नाहीं, तर हा जलचर चक्क बुडून मरतो!

तो फुसकारा ऐकतांच मला त्या मुलाचा प्रश्न आठवला. कमळाचीही हीच अडचण आहे. तळच्या चिखलांत प्राणवायु जवळजवळ नसतोच. परंतु कमळाला वर येतां येत नाहीं, म्हणून तें हवाच खालीं धाडतें. उन्हानें तापलेल्या पानांत हवेचा दाब वाढतो. देठांतील पोकळ नळ्यांतून ती कंदापर्यंत उतरते आणि दुसऱ्या नळ्यांनीं परत येऊन पानाच्या मध्यभागांतून बाहेर पडते. आपल्या गृहिणींनीं कमळकाकडी चिरतांना जीं भोंकें पाहिलीं असतील, तोच हा मार्ग. पुरानें पानें फार दिवस बुडालीं, तर कंद गुदमरतो.

आणखी एक नवल. डॉल्फिनचें रक्त उष्ण असतें व कातडीखालची चरबी ती ऊब राखते. कमळाजवळ चरबी कोठली? तरीही बाहेरची हवा १० अंशांवर उतरली असतां उमलतें कमळ स्वतःस ३० अंशांच्या वर ऊबदार राखतें, असें ऑस्ट्रेलियांतील ॲडलेडच्या उद्यानांत मोजून सीमूर व शुल्त्झ-मोटेल या शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. डॉल्फिन ऊब सांभाळतो. फूल तर ती दोनचार दिवस रात्रंदिवस निर्माण करतें. वनस्पति थंड असते, हेंही मीं वर्गांत सांगितलेंच होतें.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर वहींतलें माझें तें उत्तर त्यानें खोडून टाकावें.