आधी लढाई, मग तुमचं बघू
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज मी युक्रेनवर बोलणार आहे. काहीजण म्हणतील, गावातला पाणवठ्याचा तंटा मिटला नाही आणि हा निघाला युक्रेनला. थांबा जरा. मी पाणवठ्याचंच बोलतोय.

२०२२ साली रशियानं युक्रेनवर फौजा घातल्या. त्यानंतर जगभरच्या विद्यापीठांत युक्रेनच्या अभ्यासाला जोर आला. अशाच प्राध्यापकांचं एक चर्चासत्र झालं, संगणकाच्या पडद्यावर. कोणी कॅनडात, कोणी जर्मनीत, कोणी खुद्द कीवमध्ये. त्यात युक्रेनमधल्या रोमांवर एक बैठक होती. मी भटक्यांमध्ये काम करतो म्हणून मलाही बोलावलं. विषय दिला, रोमांचं भारतीय मूळ.

रोमा म्हणजे कोण? ज्यांना जग जिप्सी म्हणून हिणवतं ते. हजारएक वर्षांपूर्वी इथनं गेलेले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानीच म्हणतात, कानाला कानच. आणि ‘रोम’ हा शब्द? बरेच भाषापंडित तो ‘डोम’ या शब्दापाशी नेऊन सोडतात. डोम कोण हे तुम्हाला सांगायला नको. मसणात लाकडं रचणारा. आपल्याकडे दोरावर चालणारा डोंबारीही त्याच शब्दाच्या घरचा.

पण इथल्या प्रतिष्ठितांना हे रुचत नाही. त्यांना रोमा भारताची लेकरं म्हणून हवेत, पण लेकरं राजपूत पाहिजेत, क्षत्रिय पाहिजेत. सातासमुद्रापार गेलेल्याची जात वर चढवून घेतात आणि वेशीबाहेरच्या डोंबाऱ्याला पाल ठोकू देत नाहीत!

मी तिथं मुळापुरतं बोलून थांबलो नाही. कागद काढले. इंग्रजांनी १८७१ साली आपल्या भटक्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. सोव्हिएत सरकारनं ५ ऑक्टोबर १९५६ ला फर्मान काढून रोमांचं भटकणंच गुन्हा ठरवलं, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा. युक्रेन तेव्हा त्याच राज्यात. एक साम्राज्यवादी, एक समाजवादी. पण पालावर पडलेली लाथ एकाच पायाची.

१९४१ साली कीवजवळच्या बाबिन यार घळीत नाझींनी दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू गोळ्या घालून मारले. त्याच घळीत रोमाही मारले. १९७६ साली सोव्हिएत सरकारनं तिथं स्मारक उभारलं. त्यावर ना ज्यू, ना रोमा. नुसते सोव्हिएत नागरिक. म्हणजे मारताना वंश बघून मारायचं आणि रडताना सगळे नागरिक!

स्वतंत्र युक्रेनच्या २००१ च्या शिरगणतीत रोमा भरले ४७,५८७. अभ्यासकांचे अंदाज दोन लाखांच्या वर जातात. बाकीचे गेले कुठं? कुणाकडे जन्माचा दाखला नाही, कुणी भीतीनं रोमा म्हणून सांगत नाही. ही भीती खोटी नाही. २०१८ साली कीवमध्ये लिसा होरा टेकडीवरची रोमांची वस्ती अतिउजव्या टोळक्यानं उठवली, जाळली. त्याच उन्हाळ्यात ल्विवजवळ वस्तीवर हल्ला करून एका पोराचा भोसकून जीव घेतला.

मी २०१८ चं नाव काढलं आणि पडदा गप्प झाला. मग कीवमधल्या एक प्राध्यापक बाई बोलल्या. त्यांच्याकडे वीज नव्हती, अंगात ओव्हरकोट होता. म्हणाल्या, “आमच्यावर बॉम्ब पडतायत. आम्हाला नाझी ठरवून पडतायत. तुमचं हे एक वाक्य उद्या मॉस्कोची टीव्ही वाजवील. आधी लढाई संपू दे.”

दोस्तहो, बाई खोटं बोलत नव्हत्या. हे मी मान्य करतो. रशियानं चालवलेला खोटारडेपणा उघडा आहे. मी गारठलो. थोडा वेळ वाटलं, आपण उगाच बोललो.

तेवढ्यात दुभाषाचं काम करणारी पोरगी बोलली. तोवर ती फक्त दुसऱ्यांचं बोलत होती. पूर्ण बैठकीत रोमा ती एकटीच, आणि तिचं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं. ती म्हणाली, “माझा भाऊ आघाडीवर आहे. माझ्या आईकडे पासपोर्ट नाही. दोघं एकाच घरातले. लिहायचं तर दोन्ही लिहा.”

बस्स. एवढंच. माझं पंधरा पानांचं भाषण तिनं चार वाक्यांत आटपलं.

“आधी लढाई” हे वाक्य आपल्याला नवं आहे काय? १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली. सामाजिक परिषद त्याच मंडपात भरत असे, ती भरू दिली नाही. मंडप जाळण्याच्या धमक्या दिल्या. आधी राजकीय, मग सामाजिक! बाबासाहेबांनी १९३६ साली हे सगळं मांडलं आणि विचारलं, जे स्वतःच्याच माणसांना पाणी भरू देत नाहीत ते राज्य करायला लायक आहेत का? त्यांनाही देशद्रोही म्हणून झालं.

युक्रेन रशियाच्या जोखडाखालून सुटला पाहिजे, यात माझ्या मनात शंका नाही. पण गप्प बसवलेला माणूस म्हणजे एकी नव्हे. शत्रू आपल्या घरातलं सत्य चोरून खोट्याला लावतो, म्हणून सत्य पुरायचं नसतं. आपणच आधी सांगितलं तर त्याच्या हातात चोरायला काय उरतं? जो रोमा युक्रेनसाठी गोळी झेलतो, त्याच्या आईला युक्रेनचा कागद मिळाला पाहिजे. लढाई चालू असतानाच मिळाला पाहिजे. कारण घर सोडून पळायची वेळही लढाईतच येते, आणि सरहद्दीवर कागदच विचारतात.

आणि प्राध्यापकांना एक सांगणं. आमचा अभ्यास करा, जरूर करा. पण आम्हाला दुभाषाच्या खुर्चीवर बसवून नको. सहकार्य म्हणता ना? मग लेखणी अर्धी द्या, यादीत नाव द्या, मानधन द्या.

त्या पोरीनं नंतर मला पत्र लिहिलं. आम्ही दोघं मिळून लिहायचं ठरवलंय. ती तिच्या आईचं लिहील, मी इथल्या डोंबाऱ्यांचं. इंग्रजी दोघांचंही मोडकं. पण पाण्याला दोघंही पानीच म्हणतो, तिथनं सुरुवात करू.

जयभीम!